फळा कोणासाठी?

(संस्थेच्या वार्षिक पालक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गातील फळा आणि शिकविण्याची साधने याबाबत शिक्षकांची पसंती काय असते, हे आज आपणांपुढे मांडावे असे संस्थेने मला सुचविले. विषय ऐकायला किरकोळ वाटेल. फळा तो फळा. काळा असला काय आणि पांढरा असला काय, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु आजच्या सभेपुढे जो प्रस्ताव आहे त्यामुळे हा विषय किरकोळ राहिलेला नाही. आखातात नोकरीस असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी रक्कम पाठविण्याचे ठरविले आहे. त्या रकमेतून एका वर्गात मोठा डिजिटल फळा बसवावा, असे काहींचे म्हणणे आहे. आधी सर्व वर्गांतील फळे, दिवे आणि तक्ते नीट करून घ्यावेत, असे काही शिक्षकांचे म्हणणे आहे. हा पैसा कोणाच्या तरी घामाचा आहे. तो खर्च होण्यापूर्वी आपण थोडा वेळ शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. फळ्याची पारख एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण म्हणजे शेवटचे बाक. तेथे बसलेल्या मुलाला किती दिसले, किती समजले आणि पुढे येऊन स्वतःच्या हाताने किती लिहिता आले, यावरून साधन चांगले की वाईट हे ठरवावे. दुकानदाराच्या माहितीपत्रकावरून ठरवू नये.

पाटी जुनी आहे. परंतु साऱ्या वर्गाने एकाच वेळी पाहावा असा भिंतीवरचा मोठा फळा शाळांतून रूढ होऊन सुमारे दोनशे वर्षेच झाली. स्कॉटलंडमधील एडिनबरो येथील हायस्कूलचे जेम्स पिलन्स हे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी भूगोल शिकविण्यासाठी फळा आणि रंगीत खडू वापरीत, म्हणून त्यांचे नाव या इतिहासात घेतले जाते. चित्र दाखवून शिकविण्याचा विचार त्याहूनही जुना. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी केलेले चित्रमय पुस्तक १६५८ साली निघाले. आपल्या देशात १९८६ चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आले आणि त्यापाठोपाठ १९८७-८८ मध्ये प्राथमिक शाळांसाठी एक मोठी योजना सुरू झाली. तिला मराठीत ‘खडू-फळा मोहीम’ असे नाव पडले. प्रत्येक शाळेस किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि त्यांत शक्यतो एक शिक्षिका, तसेच नकाशे, तक्ते, खेळणी, फळा असे आवश्यक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. पाहा, मोहीम खोल्यांची आणि शिक्षकांचीही होती, तरी नाव मिळाले ते फळ्याला. शाळा म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम फळा येतो, तो असा.

आता शिक्षकांच्या पसंतीकडे वळू. सर्व शिक्षकांना एकच फळा आवडत नाही आणि तसे असण्याचे कारणही नाही.

गणिताच्या शिक्षकाला विचारा. त्याला लांबरुंद फळा हवा असतो. वर्गसमीकरण सोडविताना पहिली पायरी शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहिली पाहिजे, कारण सहाव्या पायरीवर अडलेला मुलगा दुसऱ्या पायरीकडे वळून पाहतो. पडद्यावरील चौकट बदलली की मागची चौकट नाहीशी होते. आणखी एक गोष्ट. हाताने लिहिताना शिक्षकाला जो वेळ लागतो, तोच वेळ मुलाला विचार करण्यास मिळतो. तयार उत्तर एकदम समोर आले तर मूल ते उतरवून घेते. ते उत्तर कसे घडले हे त्याला कळत नाही.

उर्दूच्या शिक्षिकेची मागणी निराळी असते. नस्तालीक वळणात अक्षराचा जाड-बारीकपणा कलमाच्या तिरक्या कापामुळे येतो. खडूचा तुकडा आडवा धरला की तो फरक फळ्यावर दाखविता येतो. गोल टोकाच्या मार्करने सगळी रेघ एकाच जाडीची उमटते आणि वळण शिकविण्याचा हेतू फसतो. तेथे चपट्या टोकाचा मार्कर मागवून दिला तर काम होते. पण हे खरेदी करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते, मराठीची डावीकडून. खिडकीच्या उजेडाने फळ्याचे उजवे टोक चकाकत असेल तर उर्दूच्या तासाला प्रत्येक ओळीचा आरंभच हरवतो. डावे टोक चकाकत असेल तर मराठीच्या तासाला तीच गत. दोन्ही भाषा शिकविणाऱ्या शाळेने तर फळा संपूर्ण, दोन्ही टोकांना दिसतो की नाही हे पाहिलेच पाहिजे.

विज्ञानाच्या शिक्षकाला तक्ता हवा असतो, पण त्याआधी खरी वस्तू हवी असते. फुलाचे भाग शिकवावयाचे तर शाळेच्या आवारात जास्वंद आहे. एका फुलाचा उभा छेद घेतला की पुंकेसर आणि स्त्रीकेसर मुलांना हातात धरून पाहता येतात. त्यासाठी पडदा लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पहिली-दुसरीच्या बाईंना चिंचोके, शिंपले आणि फ्लॅनेल बोर्ड आवडतो, कारण त्यावर लावलेले चित्र मूल स्वतः काढू शकते आणि पुन्हा लावू शकते. भूगोलाच्या शिक्षकाला लटकविण्याचा मोठा नकाशा हवा, आणि तो टांगायला भिंतीत मजबूत खिळा हवा. खिळा नसल्यामुळे नकाशा कपाटातच राहतो, अशी कितीतरी शाळांची स्थिती आहे.

खडू की मार्कर, या वादातही दोन बाजू आहेत. खडूने धूळ होते. दिवसाचे पाच-सहा तास फळ्याजवळ उभे राहणाऱ्या शिक्षकाला खोकल्याचा त्रास होतो, हे आपण हसण्यावारी नेऊ नये. कमी धुळीचा खडू आणावा, फळा ओल्या फडक्याने पुसावा, डस्टर खिडकीबाहेर आणि शक्यतो मधल्या सुट्टीत झटकावे. पांढऱ्या फळ्यावर धूळ नाही; पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने तो चकाकतो, टोपण उघडे राहिले की मार्कर सुकतो आणि मार्करचा खर्च दर महिन्याला येतो. सुकत आलेल्या मार्करची फिकट अक्षरे मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत. तरीही शिक्षक तोच मार्कर चालवून घेतो, कारण नवा मागायला त्याला संकोच वाटतो.

आपल्या कोकणासाठी एक वेगळा विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरते. भिंतीवर काळा रंग देऊन केलेला फळा ओलसर झाला की त्यावर खडू उमटत नाही, आणि उमटला तर पुसला जात नाही. अशा ठिकाणी मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा हिरवा, न चकाकणारा फळा भिंतीपासून थोडा सोडून बसवावा. त्याला ओल लागत नाही, तो पुष्कळ वर्षे टिकतो आणि त्यावर लोहचुंबकाने नकाशा व तक्तेही लावता येतात. फक्त हिरव्या फळ्यावर तांबड्या खडूने लिहू नये. तो रंग मुळातच फिका दिसतो, आणि तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद न कळणारी मुले असतात; मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण बरेच अधिक असते. पांढरा आणि पिवळा हे दोन रंग सर्वांना चालतात.

पालकहो, आता जो मुद्दा सांगणार आहे तो आपल्याशी अधिक निगडित आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अक्षरांचा तक्ता असतो. सामान्य दृष्टीच्या माणसाला सहा मीटर अंतरावरून सुमारे नऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते, या हिशेबावर तो तक्ता बनविलेला असतो. जेमतेम ओळखणे वेगळे आणि संपूर्ण तासभर वाचून उतरवून घेणे वेगळे. शिवाय देवनागरीत वर-खाली मात्रा आणि उकार आहेत, उर्दूत नुक्ते आहेत. एक नुक्ता दिसला नाही तर शब्द बदलतो. म्हणून मागच्या बाकासाठी फळ्यावरचे अक्षर चार ते पाच सेंटीमीटर उंचीचे असावे, असे मी शिक्षकांना सुचवीन. लिहून झाल्यावर शिक्षकाने एकदा स्वतः शेवटच्या बाकापर्यंत चालत जावे आणि तेथून आपला फळा वाचून पाहावा. याला एक पैसाही लागत नाही.

एवढे करूनही एखाद्या मुलाला दिसत नसेल तर? मूल ते सांगत नाही. त्याला वाटते, सर्वांनाच असे पुसट दिसत असेल. ते शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिते, शिक्षक त्याला नक्कल करतो म्हणून रागावतात, घरी अब्बा म्हणतात अभ्यासात लक्ष नाही, आणि दोन वर्षांत ते मूल ‘ढ’ ठरते. फळ्यावरून उतरवून घेताना चुका होतात, पण पुस्तकातून उतरवताना होत नाहीत, असे आढळले तर प्रथम डोळे तपासा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि त्यात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मा यांची सोय आहे. येथे बसलेल्या माता-भगिनींना मी स्पष्टच सांगतो. मुलीला चष्मा लागला तर पुढे स्थळ मिळायला अडचण येईल, या भीतीने काही घरांत तपासणीच टाळली जाते. चष्मा लपविता येईल, पण न दिसलेल्या पाच वर्षांची भरपाई कोठून करणार? अशी मुलगी दहावीला अडखळली तर दोष तिचा नव्हे.

आता डिजिटल फळ्याविषयी. मी त्याच्या विरुद्ध आहे असा समज कृपया करून घेऊ नका. हृदय कसे आकुंचन पावते, बी कसे रुजते, ग्रहण कसे लागते, या गोष्टी हलत्या चित्रात जितक्या स्पष्ट होतात तितक्या खडूने होत नाहीत. प्रश्न एवढाच की ते चित्र केव्हा दाखवावयाचे. भरती-ओहोटीचे उदाहरण घ्या. आपली खाडीकाठची मुले पुस्तक उघडण्यापूर्वीच कितीतरी जाणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो, भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हे त्यांनी घरच्या माणसांकडून ऐकलेले असते. चांगला शिक्षक प्रथम हे मुलांकडून काढून घेतो आणि फळ्यावर लिहितो. मग तो पृथ्वी काढतो, चंद्र काढतो, सूर्य कोणत्या बाजूस आहे ते दाखवितो, आणि उधाण त्याच दिवशी का, हा प्रश्न वर्गापुढे टाकतो. मुले अडतात, तर्क करतात, चुकतात. त्यानंतर पाच मिनिटांचे हलते चित्र दाखविले तर ते मनात पक्के बसते. तेच चित्र तासाच्या आरंभी लावून शिक्षक बाजूला उभा राहिला, तर मुले ते सिनेमासारखे पाहतात आणि घंटा झाली की विसरतात.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा जागतिक पुरस्कार मिळाला, हे आपण वाचले असेल. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही असे कोड आले. पण त्यांच्या कामाचा आरंभ यंत्रापासून झालेला नव्हता. तेथील मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्यांच्या भाषेत नव्हते. ही अडचण ओळखून त्यांनी आधी मजकूर मुलांच्या भाषेत आणला. आपल्याही घरांत बोली एक, शाळेची भाषा दुसरी आणि इंग्रजी तिसरी अशी स्थिती असते; म्हणून हे उदाहरण आपल्या कामाचे आहे. दुसरे उदाहरण जुने आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. गरीब आदिवासी मुलांसाठी त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षणसाधने केली. एकीकडे क्यूआर कोड, दुसरीकडे शिंपले. दोन्ही ठिकाणी शिक्षकाने आधी मुलाकडे पाहिले आणि मग साधन निवडले.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सर्वांनी एक गोष्ट अनुभवली. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन. तो बहुधा मोठ्या मुलाच्या हाती गेला आणि मुलगी राहून गेली. वर्गातही असेच होऊ शकते. एकाच खोलीत डिजिटल फळा असेल तर ती खोली कोणाला मिळेल? बहुधा दहावीला, कारण तेथे निकाल लागतो. पाचवीतील कच्ची मुले जुन्याच, खडबडीत फळ्यापुढे बसतील, आणि पाच वर्षांनी तीच दहावीत जातील.

यासाठी मी संस्थेपुढे एक क्रम मांडतो. पहिल्याने प्रत्येक वर्गात फळा दिसेल एवढा उजेड आणि न चकाकणारा चांगला फळा असावा. दुसऱ्याने प्रत्येक शिक्षकाकडून, विषयवार, त्याला काय हवे याची लेखी यादी घ्यावी आणि खडू, मार्कर, नकाशे, तक्ते यांसाठी दर सहामाहीस ठरावीक रक्कम मुख्याध्यापकांच्या हाती ठेवावी. तिसऱ्याने उरलेल्या रकमेतून एक प्रोजेक्टर किंवा डिजिटल फळा घ्यावा, तो सर्व इयत्तांना वाटून द्यावा आणि त्याचे वेळापत्रक भिंतीवर लावावे. घेताना केवळ किंमत विचारू नये. पाच वर्षांचा खर्च विचारावा. पावसाळ्यात वीज गेली तर काय, दुरुस्तीला माणूस कोठून येणार, शिक्षकांना शिकविणार कोण, हे सारे आधी लेखी घ्यावे. देणगीदारांनीही आपल्या नावाची पाटी एकाच यंत्रावर लागावी असा आग्रह धरू नये. बारा वर्गांतले बारा फळे हीसुद्धा तेवढीच मोठी देणगी आहे.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे की फळ्याचा एक कोपरा रोज मुलांसाठी मोकळा ठेवावा. आपल्याकडे हुशार मुलगाच पुन्हा पुन्हा फळ्याजवळ बोलावला जातो, कारण तो चुकत नाही आणि तासही वेळेवर संपतो. मागे बसणारी मुलगी वर्षभरात एकदाही खडू हातात घेत नाही. हजेरीपटाच्या क्रमाने बोलवा म्हणजे कोणी सुटणार नाही. ती चुकली तर पुसून पुन्हा लिहू द्या. वहीतली चूक मुलाला लाजविते. फळ्यावरची चूक एका हाताने पुसली जाते आणि साऱ्या वर्गाला काही शिकवून जाते.

पालकांनी घरी एवढेच करावे. मूल शाळेतून आले की किती गुण मिळाले हे विचारण्याऐवजी, आज फळ्यावर काय होते ते विचारावे. जमल्यास दाराच्या आतल्या बाजूस किंवा एखाद्या फळीवर काळा रंग देऊन घरचा छोटा फळा करावा. ज्या आईला वाचता येत नाही तिनेही समोर बसावे आणि म्हणावे, मला समजावून सांग. समजावून सांगता सांगता मुलाला आपण कोठे अडतो ते कळते, आणि आईला मूल खरोखर शिकते आहे की नाही ते कळते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. फळ्यावरचे दिसत नसेल तर हात वर करा. समजले नसेल तरी हात वर करा. ‘सर, पुसू नका’ असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि चांगल्या शिक्षकाला ते शब्द ऐकून आनंदच होतो.

प्रस्तावावर आता सभेने निर्णय घ्यावयाचा आहे. तो घेण्यापूर्वी पदाधिकाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी उद्या सकाळी, शाळा भरलेली असताना, प्रत्येक वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर पाच मिनिटे बसावे, अशी माझी सूचना आहे. तेथून जे दिसेल ते वहीत टिपून आणावे आणि त्यावरून खर्चाची यादी करावी.